आडनावामागचे पूर्वज

धर्मग्रामाच्या कार्यालयात दाखला मागावयास येणाऱ्यांची गरज बहुधा ठरलेली असते. कोणाला मुलाच्या शाळेसाठी हवा असतो, कोणाला विवाहासाठी, कोणाची बदली झालेली असते. अलीकडे मात्र एक निराळी मागणी घेऊन येणारी मंडळी वाढली आहेत. त्यांना स्वतःचा दाखला नको असतो. आजोबांचा हवा असतो, आणि जमल्यास पणजोबांचाही. "फादर, आम्ही मूळचे कोण?" हा त्यांचा प्रश्न असतो. काहींच्या मनात निखळ कुतूहल असते. काहींच्या मनात पोर्तुगालचा पासपोर्ट असतो. आणि काही जण, विशेषतः घरात लग्नाचे मूल असले म्हणजे, हा प्रश्न जरा हलक्या आवाजात विचारतात. त्यांना कोणते उत्तर हवे आहे हे आम्हांला न सांगताही कळते.

पूर्वजांचा शोध घेणे बरे की वाईट, याविषयी दोन झटपट उत्तरे आपल्याजवळ तयार असतात. अंत नसलेल्या वंशावळ्यांच्या नादी लागू नये, असा इशारा संत पौलाने तीमथ्याला दिला आहे, तो एका बाजूचे लोक पुढे करतात. दुसऱ्या बाजूचे लोक चौथ्या आज्ञेकडे बोट दाखवतात: आईबापांचा मान राखावयाचा, तर आजापणजांचा का नाही? दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोन्ही घाईची आहेत. शोध घ्यावा की घेऊ नये हा प्रश्न तितका महत्त्वाचा नाही. शोधात जो कोणी भेटेल त्याला आपण आपला म्हणणार आहोत काय, हे आधी ठरवावयास हवे.

नागपूरच्या कॅथोलिक समाजाला हे ठरवणे टाळता येत नाही, कारण आपण सारे एका गावचे नव्हतोच. १८२१ साली कामठीची छावणी उभी राहिली आणि मद्रास फौजेतील तमिळ ख्रिस्ती शिपायांची कुटुंबे या मुलखात आली. १८६७ साली मुंबईकडून आगगाडी नागपुरास पोहोचली. तिच्या मागोमाग गोवेकर, वसईकर, मंगळूरकर आणि अँग्लो-इंडियन मंडळी आली. केरळचे शिक्षक आणि परिचारिका त्यानंतरच्या. विदर्भाच्या खेड्यांतून ख्रिस्ती झालेली मराठी कुटुंबे तेवढी या मातीतली. स्नानसंस्कार देणारे धर्मगुरूही दूरचेच. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी आनसीहून निघाले, १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले आणि तेथून देशाच्या आत सरकत आले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले महागुरू आलेक्सिस रिकाझ हे याच संघाचे होते. या धर्मगुरूंना आपल्याकडे सरसकट फ्रेंच म्हणतात. पण त्यांची पहिली तुकडी निघाली तेव्हा त्यांचा सॅव्हॉय प्रांत सार्डिनियाच्या राजाकडे होता; तो फ्रान्सला जोडला गेला १८६० साली. म्हणजे ही माणसे गोदावरीच्या अलीकडे बसल्या जागी एके दिवशी फ्रेंच झाली! 'मूळचे कोण' या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या हातात किती थोडे असते, हे त्यांना विचारावयास हवे होते.

आता नावांकडे वळू. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे पाच वर्षांत जे ख्रिस्ती झाले त्यांच्या वंशजांची आडनावे परेरा, लोपीस, डिसोजा, फर्नांडिस, आल्मेडा, मच्याडो अशी आहेत. गोव्याचीही तीच गोष्ट. आडनाव ऐकून शेजारपाजारचे लोक समजतात की या घराण्यात पोर्तुगीज रक्त आहे. आणि खेदाची गोष्ट अशी की क्वचित आपल्यातलेही काही जण तो समज दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. वस्तुस्थिती साधी आहे. स्नानसंस्काराच्या वेळी नवख्रिस्ती माणसाला संताचे नाव मिळे, आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचे किंवा संस्कार देणाऱ्या धर्मगुरूचे. एकाच घरातल्या दोन भावांचे संस्कार वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या धर्मपित्यांच्या साक्षीने झाले, तर एक डिसोजा होई आणि दुसरा परेरा. उलट शेजारच्या दहा असंबद्ध घरांना एकच आडनाव मिळे. तेव्हा या आडनावावरून रक्ताचा पत्ता लागत नाही. स्नानकुंडापाशी त्या दिवशी कोण उभे होते, एवढेच ते सांगते.

त्या आडनावांचे अर्थ पाहिले तर भपका आणखीच उतरतो. परेरा म्हणजे नाशपातीचे झाड. लोबो म्हणजे लांडगा, कोएल्हो म्हणजे ससा, मच्याडो म्हणजे कुऱ्हाड. आमच्या मराठी मुलखातले लांडगे, ससे आणि कुऱ्हाडे यांनी पंगतीला शेजारी बसावे इतकी ही सलगी! फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा. सोझा ही पोर्तुगालमधली एक नदी आणि आल्मेडा हे गाव. गावावरून आडनाव घेण्यात तर आपण मराठी माणसे कोणाला हार जाणार नाही. पोर्तुगालचा शेतकरी आणि विदर्भाचा कुणबी या बाबतीत एकाच शाळेत शिकलेले दिसतात.

पण या गमतीत एक कठीण गोष्ट झाकली जाऊ नये. सगळीच नावे प्रेमाने दिली गेली नाहीत आणि सगळीच खुशीने घेतली गेली नाहीत. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडल्यास, धर्मन्यायासन होते. सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, आणि राहावे तर धर्म बदलावा, न बदलावा तर गाव सोडावे, असा पेच कित्येक कुटुंबांपुढे आला. आफ्रिकेतून आणलेले गुलाम गोव्याच्या घरांत राबत होते. त्यांनाही स्नानसंस्कार दिला जाई, आणि धन्याचे आडनाव त्यांच्याही वाट्याला येई. म्हणून एखादे भारदस्त पोर्तुगीज आडनाव दरबारी सरदाराचे असू शकते, पाटिलकी सांभाळणाऱ्या गावकऱ्याचे असू शकते, आणि गुलामाचेही. वहीचे पान उघडेपर्यंत कोणालाच सांगता येणार नाही.

मग ही नावे टाकून द्यावी काय? असे विचारणारे तरुण आम्हांला भेटतात आणि त्यांचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. परक्या सत्तेने चिकटवलेले नाव आपण का मिरवावे, हे त्यांचे म्हणणे स्वाभिमानाचे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कित्येक घरांत मुलांची नावे अजय, संगीता, किरण अशी ठेवली जातात. १९१७च्या धर्मसंहितेत संताचे नाव घालण्याचा आग्रह होता. १९८३च्या संहितेने ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव देऊ नये, एवढेच पाहावयास सांगितले आहे. त्यामुळे मराठी नावाला कोणत्याही धर्मगुरूने नाक मुरडण्याचे कारण उरलेले नाही. आडनावाची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. १७३९ नंतर पोर्तुगीज वसईतून गेले, देशी ख्रिस्ती राहिले. पेशवाई आली, गेली. इंग्रज आले, गेले. जी आडनावे पोर्तुगीजांच्या अमलात मिळाली, ती वसईकरांनी पोर्तुगीजांवाचून पावणेतीनशेहून अधिक वर्षे राखली. शेतावर, मिठागरात, लग्नाच्या ओवीत ती वापरून त्यांची धार गेली, परकेपण गेले. देणाऱ्याच्या हेतूपेक्षा वापरणाऱ्यांच्या पिढ्यांचा त्या नावावर हक्क मोठा झाला, असे आम्ही मानतो. ज्याला बदलावयाचे त्याने अवश्य बदलावे. मात्र ते लाजेने केलेले नसावे.

याबाबत कामठीच्या तमिळ कुटुंबांकडून शिकण्यासारखे आहे. त्यांच्या पूर्वजांनी संत घेतले, पण आपल्या भाषेत घेतले. संत फ्रान्सिस झेवियरचा त्यांनी सवरिमुत्तु केला. वेलांकण्णीच्या आरोग्यमातेवरून आरोक्यसामी आला. पौल या नावाचा मूळ अर्थ लहान, म्हणून संत पौल झाला चिन्नप्पन. आडनाव त्यांच्यात नसतेच. बापाच्या नावाचे आद्याक्षर पुढे लागते. नागपूरच्या शाळेत नाव घालताना कारकुनाने आडनावाचा रकाना मोकळा सोडू दिला नाही, तेव्हा आजोबांचे पाळण्यातले नाव नातवंडांचे कायमचे आडनाव झाले. घराणी अशीही सुरू होतात.

नाव कोणी द्यावे यावरून शुभवर्तमानातही एक तंटा झालेला आहे. अलीशिबेला मुलगा झाला, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी परस्पर ठरवले की बापावरून त्याचे नाव जखऱ्याच ठेवावयाचे. आई म्हणाली, योहान. तुमच्या नात्यागोत्यात हे नाव कोणाचेच नाही, ही त्यांची तक्रार. वसईत आणि गोव्यात थोरल्या मुलाला आजाचे नाव ठेवण्याची चाल आहे. महाराष्ट्रातही बारशाला आत्याच्या कानगोष्टीत आजाचे नाव असतेच. ती चाल आम्हांला प्रिय आहे. पण अलीशिबेच्या घरात देवाला त्या चालीबाहेरचे नाव हवे होते, हे विसरता येत नाही. मूल पूर्वजांचे असते, आणि केवळ पूर्वजांचे नसते.

साम्राज्याच्या छायेत मिळालेली नावे आणि चर्चच्या वह्यांत जपलेले पूर्वज, या दोहोंचा सर्वांत मोठा खटाटोप जगात जेथे झाला तो कॅनडाचा क्वेबेक प्रांत. तेथील फ्रेंच वसाहतकारांचे वंशज आपल्या पहिल्या पूर्वजापर्यंत, सतराव्या शतकापर्यंत, सहज पोहोचतात. त्याचे कारण धर्मग्रामांच्या वह्या. फ्रान्सच्या राजाच्या नियमाप्रमाणे त्यांची दुसरी प्रत न्यायालयाकडे जात असे. एक जळाली तरी दुसरी उरे. त्यापूर्वी, १६४० साली क्वेबेकचे चर्च जळाले तेव्हा धर्मगुरूंनी जुन्या नोंदी आठवून आठवून पुन्हा लिहून काढल्या होत्या. आणि या साऱ्या वह्यांमधून घराणी जुळवणारा माणूस कोण, तर सिप्रियां तांगे नावाचा एक धर्मगुरू. १८७१ ते १८९० या काळात त्याने वंशावळींचा सात खंडांचा कोश सिद्ध केला. आमच्या व्यवसायबंधूंपैकी कोणाला इतकी चिकाटी लाभली याचा आम्हांला थोडा हेवाही वाटतो.

तेथल्या नावांची एक खुबी मराठी वाचकाला चटकन समजेल. फ्रेंच फौजेत शिपायाला टोपणनाव मिळत असे: कोणी 'फूल', कोणी 'बिनघोर'. फौज मोडली, शिपाई शेतकरी झाला, तरी टोपणनाव सुटले नाही. वहीत धर्मगुरू त्याचे मूळ आडनाव लिहून पुढे 'म्हटला जाणारा' अशा अर्थाचा शब्द लिही आणि मग टोपणनाव. आपल्या सातबाऱ्यावरचा 'उर्फ' तो हाच. पुढे एका भावाची मुले मूळ आडनाव लावू लागली, दुसऱ्याची टोपणनाव, आणि तीन पिढ्यांत चुलत घराणी एकमेकांना अनोळखी झाली. त्यांतले कित्येक अमेरिकेच्या गिरण्यांत कामाला गेले तेव्हा लब्लांचा व्हाइट झाला आणि रुआचा किंग. गोव्याच्या दोन भावांची दोन आडनावे आठवावी.

त्या प्रांतात वंशावळीचा अभिमान मोठा. अशा वेळी १९६० साली मार्सेल त्रुदेल या इतिहासकाराने एक ग्रंथ लिहिला. फ्रेंच अमलातील कॅनडात गुलाम होते, आदिवासी आणि आफ्रिकी मिळून सुमारे चार हजार, आणि त्यांच्या धन्यांत व्यापारी होते, अधिकारी होते, महागुरू आणि धर्मसंघही होते, हे त्याने त्याच वह्यांवरून दाखवले. ज्या पानांवर लोक आपला पहिला पूर्वज शोधत होते, त्याच पानांवर, दोन ओळी खाली, त्या पूर्वजाच्या गुलामाची नोंद होती. ती ओळ पूर्वीही तेथेच होती. वाचणाऱ्यांना दुसरेच काही हवे होते.

हे सर्व नागपूरला कशासाठी सांगावे? कारण आमच्याकडेही पाने निवडून वाचली जातात. गोव्यात बामण, चाड्डी, शूद्र हे भेद स्नानकुंड ओलांडून आत आले. वसईतही कोण कोणत्या ज्ञातीचा, हे आडनाव ऐकल्यावर गावावरून ताडले जाते. नागपुरात तर स्थळ पाहताना "मुलगा कॅथोलिक आहे ना?" या प्रश्नाला होकार मिळाल्यावर खरी चौकशी सुरू होते. सारे काही जुळलेले एक लग्न, मुलाचे पणजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीत स्नान घेतलेले निघाले एवढ्यावरून मोडल्याचे आम्ही पाहिले आहे. मुलीकडचे लोक दर रविवारी मिस्साला येणारे होते. ज्या वहीने त्या पणजोबांना देवाच्या घरात घेतले, तीच वही त्यांच्या पणतवाला दारातून परतवण्यासाठी वापरली गेली. वंशावळ शोधणे पाप नसेल. तिचा असा उपयोग करणे हे पापच आहे, आणि ते सौम्य शब्दांत सांगण्याची आमची इच्छा नाही.

या पणजोबांच्या वंशजांची कोंडी दुहेरी आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत मूळ हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीखांना आणि १९९० साली बौद्धांना ती मिळाली, ख्रिस्ती दलितांना मिळाली नाही. शासन म्हणते, तुम्ही ख्रिस्ती झालात म्हणजे जात संपली. समाज म्हणतो, ख्रिस्ती झालात तरी जात ठाऊक आहे. म्हणून एखादा बाप मुलाच्या शाळेत एक नाव सांगतो आणि स्नानसंस्काराच्या वेळी दुसरे. अशा उर्फाला खोटेपणा म्हणण्यापूर्वी, त्याला दोन नावांत राहावयास कोणी लावले, याचा विचार व्हावा. याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी जुनी ओळख खाली ठेवून नवी घेतली. ओळख बदलण्याची निकड काय असते हे या शहराला शिकवावे लागत नाही.

पासपोर्टसाठी येणाऱ्यांविषयीही लोक कडवटपणे बोलतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तेथले नागरिकत्व मिळवता येते. त्यासाठी आजोबांचा कागद लागतो, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापूर्वीचा असेल तर तो चर्चच्या वहीतूनच निघतो. भारताचे नागरिकत्व मात्र त्याबरोबर जाते. पोटासाठी जाणाऱ्याला आम्ही दोष देत नाही; कामठीला आलेला तमिळ शिपाईही पोटासाठीच आला होता. आमची एवढीच अपेक्षा असते की आजोबांचा कागद नेणाऱ्याने आजोबांचे थडगे कोठे आहे हेही विचारून घ्यावे. फार थोडे विचारतात.

मत्तयाने येशूची वंशावळ लिहिली तेव्हा त्याला निवड करता आली असती. त्याने तामार घातली, राहाब घातली, परक्या मुलखातली रूथ घातली, आणि उरीयाची बायको तर नवऱ्याच्या नावानिशी घातली, म्हणजे दाविदाचा अपराध कोणाच्या नजरेतून सुटू नये. उलट एज्राच्या ग्रंथात, बंदिवासातून परतलेल्या काही याजक घराण्यांना आपली वंशावळ सापडली नाही म्हणून याजकपदावरून दूर केले गेले. त्यांच्यातल्या एका घराण्याच्या पूर्वजाने गिलादातील बर्जिल्लयाच्या मुलीशी लग्न करून सासऱ्याचे नाव घेतले होते. दोन्ही याद्या पवित्र शास्त्रातच आहेत. आमच्या धर्मग्रामांच्या वह्या कोणत्या यादीच्या वळणाने वाचल्या जातात, हे दाखला मागणाऱ्यावर जसे अवलंबून आहे तसे दाखला देणाऱ्यावरही आहे.

या वह्या मुळात वंशावळीसाठी सुरू झाल्याच नव्हत्या. त्रेंतच्या परिषदेने १५६३ साली विवाहाची नोंद सक्तीची केली, ती गुपचूप लग्न लावून पुढे हात झटकणाऱ्या पुरुषांना आवर घालण्यासाठी. धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे लिहावयाची ती त्यांचे मुलाशी जडलेले आध्यात्मिक नाते विसरले जाऊ नये म्हणून. वहीचा पहिला हेतू दुबळ्याला पुरावा देणे हा होता. म्हणून जुन्या वहीत बापाच्या जागी 'अज्ञात' असा शब्द आला की आमचा हात थबकतो. आजच्या संहितेप्रमाणे अविवाहित मातेच्या मुलाची नोंद फार जपून होते. आईचे नाव ती स्वतः मागेल किंवा तिचे मातृत्व उघड असेल तरच लिहावयाचे. शंभर वर्षांपूर्वीच्या लेखणीला एवढे भान नसे. वंशज समोर बसला आहे, त्याला सत्य हवे आहे, आणि ते त्याचे आहे. ती बाई मात्र बोलावयास येऊ शकत नाही. आम्ही अशा वेळी पान दाखवतो, पण ते हाती देण्यापूर्वी विचारतो की हे घरात कोणाकोणाला सांगणार, आणि कशासाठी. काही जण उठून जातात. काही जण बराच वेळ बसून राहतात, आणि मग त्या बाईच्या नावाने मिस्सा मागतात.

अशाच एका जुन्या वहीत आम्ही काही वर्षांच्या नोंदी ओळीने वाचल्या. बापाचा रकाना कोरा असलेली मुले त्यांत थोडी नव्हती. दुष्काळात टाकलेली, छावणीच्या आसपास जन्मलेली, आई दगावलेली. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पुढे धर्ममातेच्या रकान्यात एकच नाव येते, साधे मराठी नाव, त्याला आडनाव नाही. तिचा नवरा कोण, ती कोठली, तिला स्वतःची मुले होती की नाही, हे त्या वहीत नाही. धर्ममातेचे नाते रक्ताचे नसल्यामुळे वंशावळ शोधणाऱ्यांच्या कागदावर तिला जागा नसते, आणि तिची चौकशी करावयास आजवर कोणीही आलेले नाही.